सोप्यातल्या लेथचं तेलपाणी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. आत स्वयंपाकघर, बाहेर सोपा. दुसऱ्यांच्या सोप्यात घोंगडं अंथरलेलं असायचं, आलेला पाव्हणा त्यावर टेकायचा, पान खायचा. आमच्या सोप्यात लेथ होतं. आलेला पाव्हणा दारातच उभा राहायचा, आणि लेथ चालू असलं तर ओरडून बोलायचा. आम्हीही ओरडून उत्तर द्यायचो. त्यामुळं आमच्या घरातली कुठलीच गोष्ट गल्लीपासून कधी लपून राहिली नाही.

"तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकाला लिहा" असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. मी कुठं नोकरी केली नाही, माझ्या नावाची पाटी कुठल्या दारावर लागली नाही. एका जुन्या विलायती लेथला रोज तेल घालायचं, ते पुसायचं, त्याच्या कुरबुरी ओळखायच्या आणि पुढं पुढं त्याच्यावर चार माणसांच्या उपयोगाचं काम काढायचं, एवढंच मी केलं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे हे माझ्या गळ्यात पडलं, आणि पन्नासचं दशक सरता सरता सुटलं.

ज्यांनी लेथ बघितलं नाही त्यांनी कुंभाराचं चाक डोळ्यांपुढं आणावं. ते चाक आडवं पडून फिरण्याऐवजी उभं करून फिरवायचं, मातीच्या जागी लोखंड बांधायचं, आणि कुंभाराच्या बोटांच्या जागी पोलादी हत्यार टेकवायचं. फिरणाऱ्या लोखंडाचा कीस निघत जातो आणि खाली वेडावाकडा तुकडा असतो तो गोल, गुळगुळीत होऊन येतो. बस्स, एवढंच. बाकी सगळं त्याची निगा राखण्यात आहे.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एका इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. संस्थानच्या काळातला एक जुना वर्कशॉप मोडला, त्यातलं हे लेथ त्यांनी घेतलं. कारखान्यातनं आल्यावर घरी चार कामं करावीत, हा विचार. बैलगाडीतनं लेथ गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा कळलं, की ते उचलायचं कुणाच्या बापाला जमणार नाही. मग शेजारच्या तालमीतले पैलवान आले. त्यांनी दोरखंड लावून, दाराची चौकट काढून, ते आत आणून ठेवलं. त्यांचे वस्ताद घाम पुसत मालकांना म्हणाले, "गडी तगडा हाय. ह्याचा खुराक काय?" मालक म्हणाले, "तेल." वस्तादांना ते पटलं.

पण तो खुराक द्यायचा कुणी? मालक सकाळी भोंग्याला बाहेर पडायचे. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं त्यांना मी त्यांच्याकडच्या रीतीनं आत्ती म्हणायची. आत्ती लेथच्या वाऱ्यालाही उभ्या राहायच्या नाहीत. राहिले मी.

मालकांनी मला हाताला धरून शिकवलं. "चालू करायच्या आधी ह्याच्या सगळ्या वाट्यात तेल गेलं पायजे. आपला चहा मागनं." डाव्या बाजूला लेथचं डोकं असतं. त्यातून एक जाड दांडा आरपार जातो आणि दोन बेरिंगांवर फिरतो. आजच्या मशिनींना पोलादी गोळ्यांचे बेरिंग असतात. आमच्या म्हाताऱ्याला काशाच्या साध्या कड्या होत्या, त्यात दांडा नुसता टेकून फिरायचा. दांडा आणि कडी यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहूनही पातळ. तो आहे तोवर धातूला धातू शिवत नाही. तो फाटला की दोघेही एकमेकांना खातात, आणि मग काही उपयोग नाही.

प्रत्येक बेरिंगवर पितळेची झाकणाची वाटी होती. वाटीत लोकरीची वात, समईत असते तशी, पण हिचं काम जळायचं नाही. ही तेल ओढून घ्यायची आणि थेंबथेंब खाली सोडायची. वात सुताची चालत नाही, लोकरच लागते. वाटी काठोकाठ भरली तर तेल उतू जाऊन मोटरवरून लेथ फिरवणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यावर पडतं, मग पट्टा घसरतो आणि मोटर नुसती बोंबलते. कमी भरली तर दुपारीच कोरडं. हे प्रमाण कुणाला सांगून समजत नाही. भाकरीच्या पिठाला पाणी किती, हे तरी कुठं सांगता येतं?

काम झाल्यावर पुसणं. बिडाचा तुकडा कातला की काळा बारीक चुरा पडतो. तो तेलात मिसळला की त्याची कानसच तयार होते, आणि ज्या सपाट पोलादी पाठीवरून हत्याराचा गाडा सरकतो ती पाठ रोज थोडी थोडी घासली जाते. म्हणून चुरा आधी कुंच्यानं झाडायचा, मग फडक्यानं पुसायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. तोंडानं फुंकायचं नाही, नाहीतर तो चुरा जिथं जाऊ नये तिथंच जाऊन बसतो. पावसाळ्यात तर विचारू नका. आमच्याकडं झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंती घामेजलेल्या. संध्याकाळी तेल लावायचं राहिलं तर सकाळी लेथच्या पाठीवर गंजाचा तांबूस थर आलेला दिसायचा. अंथरुणं ओली झाली तर होऊ देत, म्हणून गळक्या कौलाखालचं पातेलं मी अंथरुणाशेजारून उचलून लेथशेजारी ठेवलेलं आहे.

शेजारणी म्हणायच्या, हिची पूजा चाललीय. मला राग यायचा नाही. देवाला रोजची अंघोळ चुकली तर तो काही बोलत नाही. हे बोलायचं.

एकदा मी माहेरी गेले होते. तेव्हा मशीनचं तेल सहजी मिळत नव्हतं, आमची डबी संपत आलेली. परत येऊन बघते तर लेथ फिरताना कण्हत होतं, हातानं दांडा फिरवला तर गुळाच्या पाकात फिरवल्यासारखा जड. वाटी उघडली तर आत पिवळा चिकट गोंद. आत्तींनी माया करून घरचं शेंगतेल ओतलं होतं. खायचं तेल गरम होऊन हवेशी लागलं की चिकट होतं, त्याचा पापुद्रा राहत नाही, डिंक होतो. मालकांनी आणि मी सगळं डोकं खोलून रॉकेलनं धुतलं, वाती फेकल्या, नव्या घातल्या. आत्ती उंबऱ्यावर बसून बघत होत्या. मालकांना वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. आत्ती एवढंच म्हणाल्या, "पचलं न्हाय त्याला." आणि भाकऱ्या थापायला उठल्या.

तेल घालता घालता मी काम शिकले. कसं, ते मला सांगता येणार नाही. मालक संध्याकाळी तुकडा बांधून द्यायचे, पहिला जाड कीस मी काढायची, शेवटचा नाजूक हात ते फिरवायचे. ते आत जेवायला बसलेले असले तरी कान बाहेरच. भाकरीचा घास तोंडात असताना म्हणायचे, "टूल बोथटलंय." किंवा, "पट्ट्याचा सांधा सुटाय लागलाय, बघ." मी बघायची, तर खरंच सुटायला लागलेला असायचा. लेथचं गाणं, असं ते म्हणायचे. मला सुरुवातीला नुसती घरघर ऐकू यायची. वर्ष-दोन वर्षांत त्यातले सूर मलाही वेगळे कळायला लागले.

मग एका उसाच्या हंगामात मालकांना ताप आला. आधी वाटलं सर्दीतापाचा असेल. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मुदतीचा आहे. त्या तापाला, टायफॉइडला, तेव्हा कुठल्याच घरात लोक नावानं हाक मारायचे नाहीत. मालकांचं अंथरूण आतल्या खोलीत भिंतीला लागून होतं, भिंतीच्या अलीकडं लेथ.

तापाचे पहिलेच दिवस होते, त्यात वडणगेचे हिंदूराव आले. त्यांचं गुऱ्हाळ होतं. दरवर्षीचे गिऱ्हाईक. पोत्यातनं त्यांनी एक पितळी कडं काढलं, काळं पडलेलं, एका अंगानं पार झिजून कागद झालेलं. त्यांच्या ऊस पिळायच्या घाण्याचा मोठा दांडा ज्यात फिरायचा तो बुश. कुणी तेल घातलं नाही, तो तापला, तरी घाणा चालूच ठेवला, शेवटी जळला. आता घाणा बंद, काहिलीतला रस नासायला लागलेला, तोडलेला ऊस उन्हात. बुशासाठी नवा ओतीव तुकडा त्यांनी येतानाच फाउंड्रीवाल्या दस्तगीरभाईंकडून ओतून आणला होता. हंगामात गावातली बाकीची लेथं कामानं भरलेली. तुकडा एकच होता. तो बिघडला तर परत ओतायचा, म्हणजे ऊस गेलाच.

मी सांगितलं, मालक आजारी आहेत, पण मी करून देते. हिंदूराव माझ्याकडं न बघता लेथकडं बघत म्हणाले, "वैनी, दुसरं कोण न्हाय का?"

मी काही बोलायच्या आत आत्ती आतून बाहेर आल्या. "तुमाला बुश पायजे का बाप्या माणूस पायजे? बुश पायजे असंल तर बसा. बाप्या माणूस पायजे असंल तर त्यो आत तापानं फणफणलाय, घिऊन जावा."

हिंदूराव उंबऱ्यावर बसले.

मी वाट्या भरल्या, तुकडा चकात, म्हणजे लेथच्या दांड्याच्या तोंडाशी असलेल्या पकडीत, बांधला. बाहेरचं अंग कातणं सोपं होतं. आतलं भोक अवघड. ते दांड्यापेक्षा केसाइतकंच मोठं हवं. घट्ट झालं तर तेलाला जागा नाही, सैल झालं तर दांडा आत आदळणार. हिंदूरावांनी दांड्याचं माप जाड तारेच्या कड्यात आणलं होतं. मी सारखी मशीन थांबवायची, माप लावायची, परत थोडा कीस काढायची. मशीन थांबली की भिंतीपलीकडून मालकांचा आवाज यायचा, क्षीण, पण स्पष्ट. "लई दाबू नगंस." "आता टूल घासून घे." मला बघत नव्हते, तरी माझा हात त्यांना दिसत होता.

थोडंच काम राहिलं असताना मला लेथच्या आवाजात एक कोरडी किनार ऐकू आली. हाताची पालथी बाजू पुढच्या बेरिंगजवळ नेली तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. मी मोटर बंद केली.

हिंदूराव उठले. "का थांबवलंसा?"

"बेरिंग तापलंय."

"थोडंच राहिलंय की. माझा ऊस वाळाय लागलाय."

"तुमचा बुश तापला त्या टायमाला बी थोडंच राहिलं असंल," मी म्हटलं.

असं बोलायची माझी सवय नव्हती. ते खाली बसले. तंबाखू मळत राहिले, पण तोंडात टाकली नाही.

मी वाटी उघडली. तेल भरलेलं होतं, वात मात्र बारीक चुऱ्यानं चोंदून चामड्यासारखी कडक झालेली. ती तेल ओढतच नव्हती. घरात दुसरी लोकर कुठली? मी आत गेले आणि मालकांच्या अंगावरच्या घोंगड्याच्या काठाला लोंबणाऱ्या दशा तोडून घेतल्या. त्यांनी डोळे उघडले. मी सांगितलं, वात चोंदलीय. ते म्हणाले, "घाल आणि बस जरा. गार हुं दे त्याला." मग दशांना पीळ घालून, तारेत अडकवून, तेलात भिजवून मी नवी वात बसवली. लेथ गार होईपर्यंत सोप्यात आम्ही तिघं बसून होतो. आत्तींनी हिंदूरावांना चहा दिला, तो त्यांनी घेतला.

परत मोटर चालू केली. ती कोरडी किनार गेली होती. मी उरलेला कीस काढला, भोक मापाला बसलं. आतून मालकांचा आवाज आला, "आता बरं गायलंय."

लेथचा त्यांनी ऐकलेला तो शेवटचा आवाज.

हिंदूरावांचा घाणा चालू झाला. चार दिवसांनी ते स्वतः गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, डोक्यावर घेऊन आले, तोवर मालक कुणाला ओळखत नव्हते. गुळाला कुणी हात लावला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा आत्तींनी तो उचलून ठेवला.

ताप उतरला. मालक वाचले. पहिल्यांदा उठून बसले आणि मला काहीतरी म्हणाले, मी उत्तर दिलं, तर ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं अशक्तपणा आहे. मी परत बोलले. ते म्हणाले, "मोठ्यानं बोल की." मी मोठ्यानं बोलले. मग ओरडले. आत्ती चुलीपासून धावत आल्या. आम्ही दोघी त्यांच्यापुढं उभ्या राहून ओरडत होतो आणि ते एकीकडून दुसरीकडं बघत होते.

डॉक्टर म्हणाले, ह्या तापात असं होतं कुणाकुणाचं. थोडं परत येईल. ते आलं नाही.

कारखान्यात त्यांना मशीनवर घेतलं नाही. कारखानदार वाईट नव्हता. चालत्या पट्ट्यांमध्ये बहिरा माणूस, मागून हाक मारली तर कळणार नाही, ही त्याची भीती खरी होती. त्यांना गोदामाचं काम देऊ केलं. मालक घरी निघून आले. घरचं लेथही त्यांनी सोडलं. सोप्यातनं जाताना भिंतीकडं तोंड करून जायचे. दिवसभर रंकाळ्यावर जाऊन बसायचे. आत्ती त्यांना जेवायला बोलवायला माणूस पाठवायच्या. मी लेथला तेल घालत होते, पुसत होते, बारीकसारीक कामं करत होते, पण गिऱ्हाईक कमी झालं होतं. मला एकटीला मोठं काम झेपत नव्हतं.

पावसाळ्यानंतर लेथमध्ये एक ठोका सुरू झाला. ठक, मग बराच वेळ काही नाही, परत ठक. मी पट्टा बघितला, चक बघितला, बेरिंग आवळून बघितले. आवाज ऐकू येत होता, पण कुठून येतोय ते कळेना, त्या बिडाच्या डोक्यात तो सगळीकडून घुमायचा. शेवटी मी मालकांना दंडाला धरून ओढत आणलं. ते येत नव्हते. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. मी त्यांचा तळवा लेथच्या डोक्यावर दाबून धरला आणि मोटर चालू केली.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. माझा हात बाजूला केला आणि स्वतःच तळवा सरकवायला लागले. पुढच्या बेरिंगवर, मागच्या बेरिंगवर, मग खाली गिअरच्या झाकणावर. तिथं थांबले. मी ठोका ऐकू आला की बोट वर करायची, आणि तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"बेरिंग न्हवं," ते म्हणाले. "गिअरचा दात."

झाकण काढलं. एका गिअरचा एक दात कोपऱ्यात तुटला होता. तो तुकडा ग्रीसमध्ये फिरत होता.

त्या दिवसापासून मालक परत उभे राहिले. कामाची रीत मात्र बदलली. ते काम करायचे आणि मी समोर उभी राहायची, जिथं त्यांना माझं तोंड दिसेल तिथं. टूल ओरडायला लागलं की मी हात दाखवायची. पट्टा घसरला की दुसरी खूण. आवाज ऐकायचं माझं काम, हादरा ओळखायचं त्यांचं. काही आवाज असे होते, जे मला ऐकू यायच्या आधी त्यांच्या तळव्याला कळायचे, आणि काही त्यांना कधीच कळायचे नाहीत. लोकांना ते बघून गंमत वाटायची. दोन माणसं मिळून एक टर्नर, असं दस्तगीरभाई म्हणायचे, पण कामं मात्र आमच्याकडंच पाठवायचे.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. मलकापूरकडचे एक गृहस्थ पितळेची कांब घेऊन आले आणि तिचं लाटणं करून द्या म्हणाले. मुलीच्या रुखवतावर ठेवायचं होतं. आत्तींनी ते हातात तोलून बघितलं, म्हणाल्या, "पोरीची सासू लई खाष्ट हाय का?" गृहस्थ गांगरले. मालकांना ऐकू आलं नव्हतं, मी त्यांना ओठांनी सांगितलं, तर ते एवढे हसले की टूल मागं घ्यावं लागलं. तापानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा बघत होते. लाटणं फार सुंदर झालं. त्या मुलीनं त्यानं कधी पोळ्या लाटल्या असतील असं वाटत नाही.

हुपरीचे आप्पा वर्षातनं दोन-तीनदा यायचे. त्यांच्या घरी पैंजण करायचे, चांदीची पट्टी काढायला लोखंडी रूळ लागायचे, ते आमच्याकडून कातून न्यायचे. बोलता बोलता लेथवरून हात फिरवायचे.

अशी बरीच वर्षं गेली. आपण म्हातारे होतो तसं लेथही झालं होतं. मी कितीही पुसलं तरी चकाजवळची पाठ झिजली होती, कारण सगळं काम तिथंच व्हायचं. कातलेला तुकडा एका टोकाला किंचित जाड यायला लागला. गुऱ्हाळाच्या बुशाला चालत होतं. पण आता गावात इंजिनं व्हायला लागली होती, पंप व्हायला लागले होते, त्यांना ते चालत नव्हतं. दस्तगीरभाईंनी उद्यमनगरात फाउंड्रीशेजारी शेड घातली, नवी लेथं आणली आणि मालकांना बोलावलं. मी एकदा बघायला गेले. नव्या लेथच्या डोक्यात तेलाचं तळंच होतं, गिअर त्यात बुडून फिरायचे, आणि बाहेरच्या बाजूला काचेची खिडकी होती, तेल किती आहे ते दिसायला. ऐकायला तिथं दुसरी माणसं होती. मला कुणी "येऊ नका" म्हणालं नाही. "या" असंही कुणी म्हणालं नाही.

जुनं लेथ हुपरीच्या आप्पांनी नेलं. त्यांच्या कामाला ते पुष्कळ होतं. ते बसवायला मालक गेले, आणि मीही हट्टानं एसटीत बसले. आप्पांच्या बायकोनं, शांताक्कांनी, चांदीच्या कड्या जोडता जोडता माझ्याकडं बघितलं. मी त्यांना उठवलं, वाट्या दाखवल्या, वाती दाखवल्या. शेंगतेलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते बाप्यांचं काम न्हवं का?" मी म्हटलं, बाप्ये विसरतात. त्यांनी डबी हातात घेतली आणि पहिल्याच वेळी वाटीत बरोबर तेवढं तेल घातलं. मला बरं वाटलं, आणि जरा दुखलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सोपा रिकामा होता. फरशीवर लेथच्या पायांचे काळे चौकोन, बाकी मोकळी जागा. आत्तींनी तिथं घोंगडं अंथरलं. मालक शेडवर जायच्या आधी त्यावर चहा घेऊन बसले. मीही बसले. एवढ्या वर्षांत सकाळच्या त्या वेळी आम्ही दोघं कधी नुसतं बसलो नव्हतो. मला काय करावं ते कळेना.

मालक दाराकडं बघत होते. मग म्हणाले, "भाईर काय चाललंय? सांग की."

मी कान दिला. लेथशिवाय गल्ली ऐकायची मलाही सवय नव्हती. मी त्यांच्याकडं तोंड करून सांगायला लागले. रंकाळ्याकडं म्हशी निघाल्यात, एकीच्या गळ्यात घंटा आहे. कुणीतरी सायकलीची घंटी वाजवतोय, म्हशी हटत नाहीत. नळावर कोपऱ्यातल्या काकूंचं कुणाशी तरी भांडण लागलंय. त्यांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, म्हणजे बघत होते. त्यांनी विचारलं, काकूंचा आवाज अजून तसाच का? मी म्हटलं, तसाच.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "आन् तुजा? बदललाय का?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. स्वतःचा आवाज स्वतःला काय कळणार? मी आत हाक मारून आत्तींना विचारलं. चुलीपुढनं त्या म्हणाल्या, "पार चढलाय म्हणावं. गल्ली उठती तुज्या बोलण्यानं."

मी ते जसंच्या तसं ओठांनी त्यांना सांगितलं. ते हसले. हसता हसता म्हणाले, "एवडा मोठा हाय, तरी मला कसा ऐकू येईना?"

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला, आणि नळावर पुढं काय झालं ते सांगायला लागले.